भिंत कुठं पळून चाललीय?

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं मला पहिलं दर्शन झालं ते कोपरापर्यंतच. लग्न होऊन मी बडोद्यात आले, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या घराचं माप ओलांडलं आणि मला पुढच्या खोलीत पाटावर बसवलं. समोरच्या भिंतीत एक चौकोनी भोक होतं, जेवणाचं ताट जेमतेम आत-बाहेर होईल एवढं. त्यातून एक हात आला. हिरवा चुडा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग, आणि चिमटीत गुळाचा खडा. मी नुसतीच बघत राहिले तेव्हा तो हात जरासा हलला, म्हणजे घे. मी खडा घेतला, हात आत गेला. मला आई नव्हती, मामाच्या घरी वाढलेली पोर मी. या घरात आपलं कुणीतरी आहे एवढं मला त्या खड्यानं कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो हात अक्कासाहेबांचा.

आमचं सासर म्हणजे पागेतल्या माणसांचं. मामंजी जमादार म्हणून निवृत्त झालेले. घोडा गेला, तलवार खुंटीला लागली, पण मिशा आणि बायकांचा गोषा दोन्ही शाबूत होते. महाराजांच्या अमदानीत बडोद्यात काय काय नवं झालं, मुलींच्या शाळा निघाल्या, खुद्द राजवाड्यातला पडदा सैल झाला. आमच्या घरापर्यंत त्यातलं काही आलं नव्हतं. पुढच्या खोलीत पुरुष बसायचे, हिंचका, म्हणजे झोपाळा, तिथं, पोळीकडे उघडणारं दार तिथं, वारा-उजेड जो काय होता तो तिथं. मागच्या खोलीत चूल आणि आम्ही. मागची भिंत शेजाऱ्यांना लागून, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. पोळीकडून मागं जायला-यायला घरातूनच कडेनं एक अरुंद बोळ. मधली भिंत म्हणजे घराची अब्रू, असं मामंजी म्हणायचे. त्या अब्रूला ताटापुरतं भोक मात्र पाडलेलं होतं, कारण गोषा कितीही कडक असला तरी भाकरी लागतेच.

सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. थोरले भावजी फौजेबरोबर तिकडे ओखामंडळात, वर्षातून एकदा घरी. हे सरकारी कचेरीत कारकून. त्यामुळं घर म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला मामंजी आणि या बाजूला अक्कासाहेब.

आणि दोघं बोलायचे ते भिंतीशी. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, सासऱ्यानं सुनेच्या दिशेला पाहायचंही नाही, हा नेम. मग अक्कासाहेब भोकाशी तोंड नेऊन म्हणायच्या, "भिंतबाई, मामंजींना विचार, आमटी वाढू?" पलीकडून मामंजी खाकरून म्हणायचे, "भिंते, सांग तिला, पुरे." कधी मीठ जास्त झालं तर मामंजी भिंतीला रागवायचे. भिंतीनं आमच्या घरातली निम्मी बोलणी खाल्ली असतील. मी नवी होते तेव्हा मला हसू आवरायचं नाही. अक्कासाहेब मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "हसू नकोस धाकटे, या घरात तिच्याइतकं समंजस कुणी नाही."

बाईंना घाई म्हणून ठाऊक नव्हती. दूध उतू जायला लागलं तरी त्या शांतपणे हात पुसून मग भांडं उतरवायच्या, आणि गंमत म्हणजे दूध थांबायचं. भाकरी थापताना गाणं नाही, बोलणं नाही, नुसती मान एका बाजूला. चव कधी घ्यायच्या नाहीत, वास घेऊन मीठ सांगायच्या. एकदा बोळातून एक मोठं वानर थेट स्वयंपाकघरात शिरलं. मी मडक्यांच्या उतरंडीमागे. अक्कासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं, "बसा, होतेय भाकरी." तव्यावरची भाकरी होऊ दिली, उतरवली, फुंकर घालून निववली आणि त्याच्यापुढं ठेवली. वानर भाकरी घेऊन गेलं. मी बाहेर येऊन विचारलं, तव्यावरचीच का, टोपलीत शिळी होती की. त्या म्हणाल्या, "मग ते उद्या परत येऊन भांडलं असतं."

कुणी घाई केली की त्यांचं एक ठरलेलं होतं, "भिंत कुठं पळून चाललीय?" वाती वळायच्या राहिल्या, भिंत कुठं पळून चाललीय. पापड उद्यावर गेले, भिंत कुठं पळून चाललीय. मला हे ऐकून ऐकून वैताग यायचा.

त्या घरात मला पहिल्यांदा दिवस गेले ते आषाढाच्या तोंडाशी उघडकीला आले. लाकडं ओली, मागच्या खोलीला वारा नाही. चूल पेटवली की धूर आधी वर जायचा, कौलांखाली जागा शोधायचा, नाही सापडली की मुकाट्यानं खाली येऊन आमच्या उरावर बसायचा. एका सकाळी मी फुंकणी फुंकता फुंकता तिथंच आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं अक्कासाहेबांच्या मांडीवर होतं आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. दवाखान्यातली नर्सबाई येऊन तपासून गेली. म्हणाली, हिला या धुरातून बाहेर काढा, नाहीतर बाळाचं मी काही सांगू शकत नाही. बाहेर काढा म्हणजे कुठं काढा? माहेर मला नव्हतंच. आणि माझ्यामागे अक्कासाहेबांनी एकटीनं या चुलीशी किती दिवस मरावं, हेही होतंच.

त्या दिवशी दुपारी भांडी घासताना अक्कासाहेब आपण होऊन बोलल्या. त्यांना दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलं. "इथंच बसले होते, या चुलीपुढं," त्या म्हणाल्या. "माझी दोन या धुरानं नेली. तुझं नेऊ देणार नाही." धुरानंच नेली की आणखी कशानं, हे कोण सांगणार. पण त्यांनी मनाशी तसं धरलं होतं, आणि त्यांनी मनाशी एखादी गोष्ट धरली की ती सुटत नसे.

संध्याकाळी त्यांनी भिंतीला सांगितलं. "भिंतबाई, मामंजींना सांग, धाकटीला धूर बाधतोय. नर्सबाई म्हणाली वारा पाहिजे. वारा पुढून येतो. तू मध्ये उभी आहेस."

पलीकडून मामंजी म्हणाले, "भिंते, सांग तिला. तू पडलीस तर या घरात उभं राहण्यासारखं काही उरणार नाही. आमच्या पाच पिढ्यांत बायकांचं नख कुणी पाहिलेलं नाही."

अक्कासाहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "नख नाही, हात बघतात की रोज कोपरापर्यंत." पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, संपलं. रात्रभर मी पोटावर हात ठेवून पडून राहिले.

दसऱ्याला मामंजींचे पागेतले जुने दोस्त जेवायला आले. पुरणपोळ्यांचा घाट होता. पाहुण्यांसाठी माळ्यावरची मोठी ताटं काढली होती आणि ती ताटं त्या भोकापेक्षा बोटभर रुंद निघाली. अक्कासाहेबांनी पहिलं ताट तिरकं करून सरकवलं. आमटी वाटीसकट घरंगळली ती एका निवृत्त हवालदारांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर. मामंजींची काय अवस्था झाली असेल! पाहुणे गेल्यावर ते भिंतीला ओरडून म्हणाले, "भिंते, सांग तिला, ते भोक जरा मोठं करून घे."

अक्कासाहेबांनी पदर खोचला. मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? जरा म्हणाले. किती ते म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी रोजच्यासारखे समोरच्या घराच्या ओटल्यावर सोंगट्या खेळायला गेले आणि बाईंनी उलथण्याच्या टोकानं भोकाच्या वरची एक वीट मोकळी केली. आमच्या पोळीतली जुनी घरं अशी, की सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. मधल्या भिंती नुसत्या मातीत विटा बसवून भरलेल्या. कौलं चाळायला येणाऱ्या माणसाकडून त्यांनी हे आधीच खात्री करून घेतलं होतं. वीट निघाली. मी विचारलं, आता ही लपवायची कुठं? त्यांनी ती चुलीशेजारी जमिनीवर ठेवली, वरून मातीचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "लपवायची कशाला? इथं ओटा होईल. वाकून वाकून माझी कंबर गेली, तुझी तरी राहू दे. उभ्यानं स्वयंपाक करू, मडमा करतात म्हणे तसा."

मग रोज दुपारी एखादी वीट, फार तर दोन. आधी भोकावरचा पट्टा तुळईपर्यंत मोकळा केला, मग वरून काढत खाली यायचं, म्हणजे डोक्यावर काही येत नाही. तिकडं भिंत खाली येत होती आणि इकडं ओटा वर येत होता. मी माती मळून द्यायची, त्याहून जास्त कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला धीर निघेना. मी म्हणायची, अक्कासाहेब, माझे महिने भरत चाललेत, जरा भराभर काढा. त्यावर अर्थात एकच उत्तर. मी म्हणायची, अहो पळून चाललीय, तुम्हीच पळवताय. मग त्या अशा हसायच्या की उलथणं हातातून पडायचं.

आता कुणीही विचारील की मामंजी काय आंधळे होते का. आंधळे नव्हते, मर्यादशील होते. भोक मोठं झाल्यावर जेवताना त्यांना हाताबरोबर दंडही दिसला असावा. ते तटकन तोंड फिरवून बसले आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल खादीचा तुकडा घेऊन आले. भिंतीला म्हणाले, तिला सांग, हा लाव, शोभत नाही. अक्कासाहेबांनी पडदा लावला. पडद्याआड आणखी विटा निघाल्या. पडदा अपुरा पडला, कडेनं उजेड दिसायला लागला. मामंजींनी पलंगपोस आणून दिला. पलंगपोस अपुरा पडला तेव्हा ते पागेत ओळखीच्या माणसाकडे गेले आणि जुन्या तंबूची अख्खी कनात खांद्यावर टाकून घेऊन आले. स्वतः स्टुलावर चढून, मान वळवून, डोळे मिटून, त्यांनी ती तुळईच्या खुंट्यांना अडकवली. सुनांकडं पाहायचं नाही हा नेम ना! घराची अब्रू राखायला त्या माणसानं जिवाचं रान केलं, आणि जेवढी अब्रू राखली तेवढी भिंत गेली. ह्यांना सगळं ठाऊक होतं. हे जेवायला बसले की ताटातून मान वर काढत नसत.

मध्ये एक मोठी पंचाईत झाली. भिंत कमी झाली तसा आमचा धूर पुढच्या खोलीत जायला लागला. एकदा सोंगट्या आमच्या पुढच्या खोलीत मांडल्या होत्या, ऐन डावात मामंजींच्या डोळ्यांतून धारा. ते खोकले, त्यांचा सोबती खोकला. मला वाटलं, आता कनात उचलून बघणार आणि आपलं बिंग फुटणार. मामंजींनी भिंतीला विचारलं, "भिंते, एवढा धूर कसला?" अक्कासाहेब म्हणाल्या, "भिंतबाई, सांग त्यांना, रोजचाच आहे. आज फक्त फिरायला निघालाय." आठवड्याच्या आत माणूस आला आणि आमच्या कौलांतून चांगलं उंच धुराडं निघालं. सासूबाईंनी जन्मभर मागितलेलं, अक्कासाहेबांनी अठरा वर्षं मागितलेलं धुराडं. पुरुषांच्या डोळ्यांत गेल्यावर धूर लगेच सरकारदरबारी रुजू होतो, असं अक्कासाहेब म्हणायच्या.

त्या दिवशी चूल पहिल्यांदा सरळ वर पेटली. पुढच्या दारातून आलेला वारा कनातीखालून आत आला, आमच्या पायांवरून गेला आणि धूर घेऊन वर निघून गेला. मी नव्या ओट्याशी उभी राहून पोटभर श्वास घेतला आणि रडायला लागले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं, फक्त सुंठ एका बाईनं दुपार दुपार खणून काढली होती. माघात मला मुलगा झाला. पहिल्याच दमाला असा काही रडला की सोंगट्यांच्या ओटल्यावर ऐकू गेलं. अक्कासाहेब त्याला मांडीवर घेऊन त्याच्या छातीला कान लावून बसल्या. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "स्वच्छ आहे गं." आणि पहिल्यांदाच माझ्यादेखत मोठ्यानं रडल्या. त्या दिवसापासून माझ्या मनातली भीती गेली ती गेलीच.

राहता राहिली कनात. दिवाळी झाली होती, पोर वर्षाचं होत आलं होतं, धरून धरून उभं राहायला लागलं होतं. भिंतीतलं आता फक्त उंबऱ्याएवढं जोतं उरलं होतं. मामंजी पुढच्या खोलीत जेवत होते, आम्ही दोघी ओट्याशी. पोरानं कनातीला धरलं, उभं राहिलं, दोन झोके घेतले. एक खुंटी निघाली, मग दुसरी, आणि ती अख्खी पागेची कनात धाडकन मामंजींच्या ताटापुढं येऊन पडली.

तुळई जागेवर, खांब जागेवर, मध्ये काही नाही. मामंजी हातात घास धरून बसलेले. समोर दोन सुना डोक्यावर पदर ओढून उभ्या, मागे कंबरेएवढा ओटा, त्यावर तवा, तव्यावर भाकरी. मला वाटलं आज या घरातून आपली उचलबांगडी.

मामंजींनी तोंड उघडलं. भिंतीला काहीतरी सांगायचं होतं त्यांना. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सांगायला भिंत नव्हती. एवढी वर्षं भिंतीच्या मार्फत बोललेला तो म्हातारा माणूस, त्याला कुणाशी बोलावं तेच कळेना. मला त्यांची इतकी दया आली. तव्यावरची भाकरी तेवढ्यात टम्म फुगली आणि मामंजी तिच्याकडं बघतच राहिले. जन्मात त्यांनी भाकरी फुगताना पाहिली नव्हती. त्यांच्यापर्यंत यायची ती बसलेली, निवलेली.

अक्कासाहेबांनी भाकरी उतरवली. पदर नीट केला. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा थेट म्हणाल्या, "मामंजी, गरम आहे, वाढू?"

ते पोर कनातीच्या ढिगात बसून टाळ्या पिटत होतं. मामंजींनी घास ताटात ठेवला.

"वाढ, सूनबाई," ते म्हणाले.

भाकरी त्यांनी फुंकून फुंकून खाल्ली. आणखी एक मागितली. हात धुतल्यावर दाराशी जाऊन, पाठ आमच्याकडे करून म्हणाले, "तो पडदा मळलाय फार. धुवायला टाका."

पडदा धुवायला गेला तो आजतागायत आलेला नाही. भाऊबंदांपैकी कुणी भुवया उंचावून विचारलं, की जमादारसाहेब, हे काय, तर मामंजी मिशीवर हात फिरवून सांगायचे, पडदा धुवायला दिलाय. पहिल्या वर्षी लोक गप्प बसले. दुसऱ्या वर्षी हसायला लागले. तिसऱ्या वर्षी त्यातल्याच दोघांच्या घरचे पडदे धुवायला गेले. शेजारच्या शांताबेन ओटा बघायला आल्या, त्यावर हात फिरवून म्हणाल्या, "अक्काबा, अमारे त्यां पण आवुं करी आपो ने." म्हणजे, आमच्याकडंही असं करून द्या ना. अक्कासाहेब उलथणं घेऊन गेल्या. त्या उलथण्याचं टोक तोवर पार झिजलं होतं. कनातीची ती खुंटी आपोआप निघाली की काय, असं मी त्यांना पुढं एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जुनी होती बिचारी, किती दिवस धरणार?" आणि भाकरी उलटवायला वळल्या.

ह्यांची मेहसाण्याला बदली झाली तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. टांगा पोळीच्या तोंडाशी उभा. मामंजी हिंचक्यावर बसलेले, थकले होते आता. अक्कासाहेब निरोपाला दारापर्यंत आल्या नाहीत, तव्यावर भाकरी होती आणि वाटेत खायला ती गरम बांधून द्यायची म्हणून हट्ट होता. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि परत ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या, डोळे दिसू नयेत म्हणून असेल. मी रस्त्यावर उतरून मागं पाहिलं. उघडं दार, हिंचका, आणि त्याच्यापलीकडं थेट, उजेडात, त्या. डोक्यापासून पायापर्यंत. पहिल्या दिवशी जो हात मला दिसला होता तो त्यांनी वर केला, पिठानं भरलेला.

आणि मग त्यांनी हाक मारली. जी बाई अठरा वर्षं भोकाशी तोंड नेऊन पुटपुटली, तिनं अख्ख्या घरातून, सासऱ्याच्या डोक्यावरून, भर पोळीत आवाज दिला. "धाकटे, पोराला धुरात ठेवू नकोस!"

ओटल्यांवरची माणसं वळून बघायला लागली. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी पाय टेकून हिंचका थांबवला.

"ऐकलंस ना," ते मला म्हणाले, "काय म्हणतेय ती?"